सैनिकाचा मनोविकार, लैंगिक अक्षमता आणि निवृत्तिवेतनाचा हक्क

रणांगणावर हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकाची हानी सर्वांना दिसते. अशा सैनिकांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले, आणि मणक्याच्या दुखापतीने लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकी येथे १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले. मनाला झालेली इजा एवढी सहज दिसत नाही; तरीही तिला आज नाव आहे, लष्करी रुग्णालयांत तिच्यासाठी विभाग आहेत आणि निवृत्तिवेतनाच्या नियमांत तिला स्थान आहे. परंतु या दुसऱ्या हानीच्या पोटी पुष्कळदा एक तिसरी हानी जन्मास येते. मनोविकारामुळे, किंवा त्यावरील औषधामुळे, सैनिकाचे कामजीवन खुंटते. ही हानी सैनिक आपण होऊन सांगत नाही, डॉक्टर बहुधा विचारीत नाहीत, आणि कागदावर ती उतरत नाही. जे कागदावर नाही त्याच्याबद्दल हक्क सांगता येत नाही. ही हानी कशी घडते, कायदा तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि तिची नोंद व्हावी म्हणून सैनिकाने व त्याच्या कुटुंबाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

शब्दांचा घोटाळा

आरंभीच शब्दांविषयी थोडा खुलासा करणे इष्ट आहे. बोलभाषेत या सर्व प्रकारांना ‘नपुंसकत्व’ हा एकच शब्द लावला जातो. तो शब्द निदानाचा राहिलेला नाही. तो शिवीसारखा वापरला जातो, आणि म्हणूनच रुग्ण तो उच्चारीत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने येथे निदान चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कामेच्छाच मंदावणे ही पहिली. इच्छा असूनही शिश्नास ताठरता न येणे किंवा ती न टिकणे ही दुसरी. स्खलन फार लवकर होणे, फार उशिरा होणे किंवा मुळीच न होणे ही तिसरी. आणि संबंध घडूनही तृप्तीचा अनुभव न येणे ही चौथी. यांपैकी दुसरी तक्रार फक्त पुरुषांची आहे. इच्छेचा, उत्तेजनाचा व तृप्तीचा अभाव स्त्रियांनाही जाणवतो, आणि सैन्यातील परिचारिका व स्त्री अधिकारी यांच्या बाबतीत तो तितकाच विचारात घेतला पाहिजे.

या शब्दांखेरीज आपल्याकडे ‘धातू जाणे’ ही एक जुनी तक्रार आहे. वीर्यनाशामुळे शरीर खंगते या समजुतीतून थकवा, धडधड, खिन्नता व लैंगिक दुर्बलता यांचे गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. खेड्यातून भरती झालेला जवान आपली अडचण सांगू लागला, तर ती याच भाषेत सांगण्याचा संभव असतो. ऐकणाऱ्याने ती भाषा अडाणीपणाची म्हणून उडवून लावू नये. तिच्यामागे खरा विषाद असू शकतो.

मराठी वाचकाला हा विषय अगदी परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि खटल्यांना तोंड देत १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. कामजीवन हा आरोग्याचाच भाग आहे, ही त्यांची भूमिका आज वैद्यकाने सर्वत्र मान्य केली आहे. निवृत्तिवेतनाच्या कचेरीपर्यंत मात्र ती अद्याप पुरती पोचलेली नाही.

हानी घडते कशी?

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात भरती झालेला एक हवालदार आहे. काश्मीरमधील दहशतवादविरोधी कारवाईत त्याच्या शेजारी चालणारा जवान सुरुंगाच्या स्फोटात मरण पावला. त्यानंतर त्याला झोप लागेना. दचकून जागे होणे, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येणे, माणसांत असूनही एकटे वाटणे ही लक्षणे दिसू लागली. लष्करी मनोविकारतज्ज्ञाने आघातोत्तर तणाव विकार व त्यासोबत विषाद असे निदान केले आणि गोळ्या सुरू केल्या. काही वर्षांनी तो सेवेतून बाहेर पडला व कुटुंबासह बंगळूरच्या जयनगर भागात राहून सुरक्षारक्षकाची नोकरी करू लागला. पत्नीशी त्याचा शरीरसंबंध जवळजवळ संपला आहे, ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितलेली नाही.

या हवालदाराच्या बाबतीत कारणे तीन मार्गांनी काम करीत असू शकतात.

पहिला मार्ग विकाराचा. विषादामध्ये सर्वच सुखांची ओढ ओसरते. कामेच्छा तिला अपवाद नाही. आघातोत्तर तणाव विकारात शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात असते. ताठरता येण्यास मज्जासंस्थेचा विसाव्याचा भाग प्रबळ व्हावा लागतो. लढा किंवा पळा असा आदेश देणारा भाग जागा असेल, तर रक्त स्नायूंकडे धावते व शिश्नाकडील रक्तवाहिन्या आकुंचित राहतात. शिवाय या विकारात भावना बधिर होतात. ज्याला कोणाच्याही जवळ जाण्याची भीती वाटते, त्याला शय्येवरील जवळीकही सोसवत नाही.

दुसरा मार्ग औषधाचा. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचे कार्य वाढविणारी, आज विषादावर सर्रास दिली जाणारी औषधे इच्छा मंद करतात व स्खलनास विलंब लावतात. छिन्नमनस्कतेवरील, म्हणजे स्किझोफ्रेनियावरील, काही औषधांनी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे कामेच्छा व ताठरता दोन्ही घटतात. हा परिणाम ठाऊक नसलेला रुग्ण आपले पुरुषत्वच गेले असे समजतो. पुष्कळ रुग्ण मग कोणास न सांगता गोळ्या बंद करतात, आणि मूळचा विकार उलटतो. हा धोका या विषयातील सर्वांत गंभीर होय. मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा दुसरे जोडून या परिणामावर पुष्कळदा उपाय करता येतो. पण त्यासाठी डॉक्टरला तक्रार कळली पाहिजे. ताठरतेसाठी १९९८ पासून वापरात असलेले सिल्डेनाफिल पुष्कळांना उपयोगी पडते. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो; म्हणून ते दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

तिसरा मार्ग आडवळणाचा. झोप यावी म्हणून दारू, दारूमुळे अधिक दुर्बलता, दुर्बलतेमुळे घरात अबोला, अबोल्यामुळे पुन्हा दारू, असे चक्र सुरू होते. एकदा अपयश आले की पुढच्या वेळी त्या अपयशाचीच भीती अडथळा बनते.

या तिन्हींखेरीज मधुमेह, उच्च रक्तदाब व त्यावरील काही औषधे, तंबाखू आणि वय ही सामान्य कारणे आहेतच. ती तपासून पाहिल्यावाचून सर्व दोष मनोविकारावर ढकलणे शास्त्रीय ठरत नाही, आणि दाव्याच्या दृष्टीनेही ते हिताचे नसते.

जयनगरला लागूनच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे निमहान्स, आहे. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि तेथील जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ती उभी राहिली. २०१२ साली कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. मन व मज्जासंस्था यांचा एकत्र विचार करणारी अशी संस्था चालत जाण्याच्या अंतरावर असूनही आपला हवालदार आपली अडचण घरातच ठेवतो. म्हणजे प्रश्न केवळ रुग्णालयाच्या अंतराचा नाही. तोंड उघडण्याचाही आहे.

निवृत्तिवेतनाचा कायदा काय पाहतो?

सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ व्या विनियमाने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दोन मुख्य कसोट्या घालून दिल्या. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, ही एक. आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे, ही दुसरी. या दोन्ही गोष्टींवर मत देण्याचे काम वैद्यकीय मंडळ, म्हणजे मेडिकल बोर्ड, करते. ‘सेवेमुळे उद्भवलेले नाही व बळावलेलेही नाही’ असा शेरा मंडळाने मारला की दावा तेथेच अडतो. मनोविकारांच्या बाबतीत ‘प्रकृतिगत विकार’ असे लिहून हा शेरा वारंवार मारला जात असे.

१९८२ च्या हक्क नियमांनी मात्र सैनिकाच्या बाजूने एक महत्त्वाचे गृहीत धरले होते. भरतीच्या वेळी कागदावर कोणताही विकार नोंदलेला नसेल, तर सैनिक त्या वेळी शरीराने व मनाने निरोगी होता असे मानावयाचे. सिद्धतेचा भार त्याच्यावर टाकावयाचा नाही. आणि संशयाचा फायदा त्याला द्यावयाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात, अपस्माराच्या संदर्भात, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत उचलून धरले. सेवेशी संबंध नाही असे म्हणावयाचे असेल तर मंडळाने कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१९ साली नरसिंग यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने छिन्नमनस्कतेचा दावा फेटाळला; हा विकार भरतीच्या तपासणीत कळून येईलच असे नाही, म्हणून केवळ नोंदीच्या अभावावर विसंबता येणार नाही, असा त्याचा आशय होता. २०२५ साली राजुमोन यांच्या प्रकरणात, विकार पुन्हा छिन्नमनस्कतेचाच असता, मंडळाने कारणे दिली नाहीत म्हणून निर्णय सैनिकाच्या बाजूने लागला. तीन निकाल एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की मनोविकाराच्या दाव्याचे भवितव्य कागदावर लिहिलेल्या, किंवा न लिहिलेल्या, कारणांवर अवलंबून असते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क नियम लागू झाले. म्हणून आपली सेवा कोणत्या तारखेस संपली व त्यामुळे कोणते नियम लागू होतात, हे दावेदाराने सर्वांआधी पाहावे.

आता आपल्या हवालदाराकडे पाहू. सेवेतून आघात, आघातातून मनोविकार, ही त्याच्या साखळीतील पहिली कडी होय. या कडीसाठी नियम आहेत, निकाल आहेत, भांडण्यास जागा आहे. मनोविकारातून किंवा त्याच्या औषधातून लैंगिक अक्षमता, ही दुसरी कडी. मंडळासमोर अनेक विकार असतील तर प्रत्येकाचे मूल्यमापन होऊन एकत्रित टक्केवारी काढली जाते. परंतु त्यासाठी तो विकार मंडळाच्या कागदावर असावा लागतो. हवालदाराच्या कागदावर पहिली कडी आहे, दुसरी नाही.

इतर कायद्यांत ही हानी

ही हानी आपल्या कायद्याला अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३२० व्या कलमाने जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले. त्यांत डोळा, कान, हाडे यांच्याही आधी पहिल्या क्रमांकावर पुंस्त्व नष्ट करणे हा प्रकार होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध घडला नसेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. मोटार अपघातांच्या दाव्यांत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार यांच्या प्रकरणात भरपाईच्या बाबी मोजताना जीवनातील सुखांची व विवाहाच्या शक्यतेची हानी ही स्वतंत्र बाब धरली. अपराध म्हणून, विवाह मोडण्याचे कारण म्हणून आणि अपघाताची भरपाई म्हणून ही हानी कायद्याने ओळखली आहे. जो सैनिक तीच हानी देशसेवेतून घरी आणतो, त्याच्या कागदात तिच्यासाठी ओळ नसावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेतील व्यवस्था

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे. व्हिएतनाम युद्धानंतर १९८० साली तेथील मनोविकारशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकाराचा समावेश झाला, आणि माजी सैनिकांच्या दाव्यांस नवे बळ आले. तेथील नियमांत ‘दुय्यम सेवासंबंध’ अशी स्पष्ट तरतूद आहे. सेवेमुळे झालेल्या विकाराने दुसरा विकार उत्पन्न झाला किंवा बळावला, तर त्या दुसऱ्याचाही संबंध सेवेशी जोडला जातो. विकारावरील औषधाचा परिणाम याच नियमाखाली येतो. आणि हे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी असली की पुरे.

तेथे २०२१ च्या नोव्हेंबरपासून ताठरतेच्या विकाराला शून्य टक्के अपंगत्व धरले जाते. हे वाचून प्रथम आश्चर्य वाटेल. शून्याचा उपयोग काय? त्याचा उपयोग असा की शून्य टक्क्यांनी का होईना, विकार सेवासंबंधित म्हणून नोंदला जातो. आणि अशी नोंद झाली की दुसऱ्या एका कलमाचे दार उघडते. ‘सर्जक अवयवाचा उपयोग गमावणे’ या बाबीसाठी अमेरिकन कायदा दरमहा वेगळी रक्कम देतो. २०२४ साली ती १३२ डॉलरच्या थोडी वर होती. २०१८ साली स्त्रियांच्या लैंगिक उत्तेजनाच्या विकारालाही तेथील यादीत क्रमांक मिळाला. रक्कम मोठी नाही, पण हानीला अधिकृत मान्यता मिळते. भारतात अशी स्वतंत्र मासिक रक्कम नाही. तिच्या अभावी मूळ मनोविकाराचे मूल्यमापन करताना ही हानी गणली जाणे व तिच्यावर उपचार होणे, या दोन गोष्टींसाठी नोंदीचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे.

नोंद कशी व्हावी?

पहिली गोष्ट, तक्रार सेवेत असतानाच उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगावी. ‘झोप लागत नाही’ एवढे सांगून थांबू नये. संकोच वाटत असेल तर चार ओळी लिहून कागद हाती द्यावा. तक्रार केव्हा सुरू झाली, औषधाच्या आधी की नंतर, पहाटे झोपेत ताठरता येते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे फार मोलाची आहेत. पहाटे येत असेल तर कारण बहुधा मानसिक असते. मुळीच येत नसेल तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू, संप्रेरके व औषधे यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

दुसरी, रक्तातील साखर, रक्तदाब, टेस्टोस्टेरॉन व प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्यांचे अहवाल जपावेत. औषधाचे नाव, मात्रा व सुरू केल्याची तारीख यांची स्वतंत्र यादी ठेवावी. संबंध दाखविणारा पुरावा मुख्यतः तारखांच्या क्रमातून उभा राहतो.

तिसरी, मनोविकाराच्या प्रत्येक प्रकरणात कमान अधिकाऱ्याने मनोविकारतज्ज्ञासाठी अहवाल भरावयाचा असतो. सैनिकाचे वागणे केव्हा व कोणत्या प्रसंगानंतर बदलले हे त्यात यावे. त्याच्या घरगुती अडचणीच तेवढ्या तेथे लिहिल्या गेल्या, तर मंडळ विकाराचे मूळ सेवेत न शोधता घरात शोधते. घरातील अबोला हे विकाराचे कारण होते की विकाराचे फळ, हा भेद येथेच हरवतो.

चौथी, सेवा सोडताना मंडळासमोर सैनिकाला स्वतःचे निवेदन देता येते. मनोविकार व लैंगिक तक्रार या दोन्हींचा उल्लेख त्यात असावा. सही करण्यापूर्वी ते वाचून पाहावे.

पाचवी, कागदपत्रांच्या प्रती मागून घ्याव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास आपली मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क २५ व्या कलमात व गोपनीयतेचा हक्क २३ व्या कलमात दिला आहे. तक्रार नोंदवली म्हणजे ती गावभर होते, ही भीती त्यामुळे कमी व्हावी.

सहावी, दावा नाकारला गेल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करावे. तेथेही निराशा झाली तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्र व गोवा येथील रहिवाशांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला, तर कर्नाटकातील रहिवाशांसाठी कोचीला आहे. बेळगावचा असो की जयनगरचा, मराठी माजी सैनिकाने हा फरक लक्षात ठेवावा.

एक आक्षेप

अशी तक्रार कोणीही खोटी सांगेल, ती तपासणार कशी, असा प्रश्न विचारला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या गैरवापराची चर्चा आपल्याकडे झालेली आहे. परंतु डोकेदुखी, कंबरदुखी व निद्रानाश यांचेही आरंभीचे साक्षीदार रुग्णच असतात, आणि वैद्यक त्यांची पारख इतिहासावरून, तपासण्यांवरून व काळाच्या क्रमावरून करते. येथेही तोच मार्ग आहे. उलट, विकार वेळच्या वेळी नोंदला गेला असेल तर खोटा दावा ओळखणे सोपे जाते. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी प्रथमच काढलेल्या तक्रारीची पारख करणे खऱ्या दावेदाराच्या बाबतीतही अवघड असते.

शेवटी, या हानीचा अर्धा भार सोसणारी दुसरी व्यक्ती कोणत्याच नियमात दिसत नाही. ती म्हणजे सैनिकाची पत्नी. नवऱ्याचे मन आपल्यावरून उडाले, किंवा त्याचे दुसरीकडे काही आहे, असा समज करून घेऊन ती वर्षे काढते. हा आजाराचा किंवा गोळीचा परिणाम आहे, एवढे एक वाक्य डॉक्टरने दोघांसमोर उच्चारले तरी पुष्कळ घरांतील अबोला सुटेल. म्हणून सैनिक कल्याण कार्यालयांतील कार्यकर्त्यांनी, माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि गावोगावच्या डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतः विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. मनोविकार असलेला माजी सैनिक समोर बसला असता झोपेची, भुकेची व दारूची चौकशी आपण करतोच. त्याच ओघात, त्याच साध्या सुरात, वैवाहिक जीवनाची चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.